पेंटर, बाबूराव

(३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४). मूकपटांच्या काळातील ख्यातनाम मराठी चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक, चित्रकार व यंत्रकुशल कारागीर. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूर येथे. आपले आप्त आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरून ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांनी प्रेरित होऊन दोघांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निधन पावले. तथापि बाबूरावांनी विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो कॅमेरा सिद्ध केला. त्यावर चित्रित केलेला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री (१९२०) पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. सिंहगड (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला.

कोल्हापूरची ही कंपनी म्हणजे एक कार्यशाळाच होती. शिष्य हाताखाली राबूनच चित्रणापासून नेपथ्यापर्यंतची सर्व अंगे शिकत. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे तेथेच घडले. मात्र १९२९ मध्ये त्यांनी वेगळे होऊन ‘प्रभात’ कंपनी काढली, तेव्हा गुरूंची संस्था दुबळी झाली. प्रभातच्या पुण्यातील चित्रपटनिर्मितिगृहाच्या जागेतच १९६० मध्ये शासनाने चित्रपट-शिक्षणाची संस्था स्थापन केली.