अंड्यावरचा सिंह

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला एक अंडं मिळायचं, तेही दुकानात आलं असेल तर. बाकीची नड अमेरिकेतून येणाऱ्या अंड्याच्या भुकटीवर भागायची. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना एक सवलत होती : रेशनच्या अंड्यांवरचा हक्क सोडायचा आणि बदल्यात कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं. हे खाद्य उकडलेल्या बटाट्याच्या सालींत कालवून कोंबड्यांपुढे ठेवलं जाई. मांसाचा वेगळा धंदा असा नव्हताच. नर पिल्लं आणि अंडी द्यायची थांबलेल्या कोंबड्या तेवढ्या कापायच्या. भाजलेली कोंबडी सणासुदीलाच ताटात यायची.

१९५३ मध्ये अंड्यांवरचं नियंत्रण उठलं, खाद्यही खुलं झालं आणि चित्र पालटलं. ससेक्सचा शेतकरी अँटनी फिशर १९५२ मध्ये अमेरिकेत जाऊन तिथल्या ब्रॉयलर शेड पाहून आला होता. परतल्यावर त्याने ‘बक्स्टेड चिकन’ ही कंपनी उभी केली. अंड्यांसाठी एक जात आणि मांसासाठी दुसरी, अशी फारकत तेव्हापासून पक्की झाली. मांसाची कोंबडी आज साधारण पाच आठवड्यांत तयार होते. एका वयाची सगळी पिल्लं एकाच दिवशी शेडमध्ये सोडायची, लाकडाच्या भुश्यावर वाढवायची, सगळी बॅच उचलली की शेड धुऊन, निर्जंतुक करून पुढची पिल्लं आणायची. पिल्लं, खाद्य आणि डॉक्टर कंपनीचे. शेड, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. महाराष्ट्रात करारावर ब्रॉयलर करणाऱ्याला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. सुपरमार्केटं पसरली, घरोघरी फ्रीज आले आणि सणाची कोंबडी रोजची झाली.

अंड्यांच्या बाजूला १९५७ मध्ये सरकारच्या पाठबळावर ‘ब्रिटिश एग मार्केटिंग बोर्ड’ कामाला लागलं. शेतकऱ्याचं अंडं ठरल्या भावाने घ्यायचं, तपासायचं आणि त्यावर छोट्या सिंहाचा शिक्का मारायचा, ही त्याची पद्धत. कामावर निघण्याआधी अंडं खा, असं सांगणारी त्याची जाहिरात घराघरांत पोचली. आपल्याकडे १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने अंडी उत्पादकांची समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, उभी राहिली, तिचं ‘संडे हो या मंडे’ कोण विसरेल! मात्र आपली समिती व्यापाऱ्यांनी पाडलेल्या भावाविरुद्ध शेतकऱ्यांनी स्वतः उभारली आणि आजही तिचा दर बघून माल सुटतो. ब्रिटनमधलं मंडळ सरकारी अनुदानावर चाललं, मोठे उत्पादक त्याला वगळून थेट विकू लागले, आणि १९७१ मध्ये ते गुंडाळलं गेलं. सिंहाचा शिक्का त्याआधीच बंद झाला होता.

तोवर कोंबड्या बॅटरी पिंजऱ्यांत गेल्या होत्या. रूथ हॅरिसन यांनी १९६४ मध्ये ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ हे पुस्तक लिहून शेडच्या आत काय चालतं ते लोकांसमोर मांडलं. सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये म्हटलं की जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. मागणी एवढीच, तरी साधे बॅटरी पिंजरे युरोपात आणि ब्रिटनमध्ये बंद व्हायला १ जानेवारी २०१२ उजाडलं. शेवटच्या वर्षांतही त्यांत एका कोंबडीच्या वाट्याला ५५० चौरस सेंटिमीटर जागा होती, ए-फोर कागदापेक्षा कमी. सत्तेचाळीस वर्षांचा हा उशीर कोणत्याही हिशोबाने समर्थनीय नाही.

धंद्याला खरा हादरा बसला तो ३ डिसेंबर १९८८ ला. देशातलं बहुतेक अंडी उत्पादन साल्मोनेलाने बाधित आहे, असं आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी बोलून गेल्या. विक्री कोसळली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि दोन आठवड्यांत करींना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं विधान अतिरंजित होतं, पण आजार खरा होता. हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात शिरतो, त्यामुळे वरून स्वच्छ, न तडकलेलं अंडंही आतून बाधित असू शकतं. कवच कितीही पुसलं तरी उपयोग नाही; कोंबडीच निरोगी हवी. म्हणून १९९८ पासून तलंगांना लस टोचण्याची अट घालून सिंहाचा शिक्का परत आणला गेला. अंड्यावर सिंहासोबत एक आकडाही असतो : शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर मोकळं फिरणाऱ्या कोंबडीचं, दोन म्हणजे शेडमधल्या बिनपिंजऱ्याच्या, तीन म्हणजे पिंजऱ्यातल्या कोंबडीचं. पुढे देशाचं आणि फार्मचं चिन्ह. २०१७ मध्ये अन्न मानक संस्थेने गरोदर बायका, तान्ही मुलं आणि वृद्धांनाही सिंहाच्या शिक्क्याचं अर्धकच्चं अंडं खायला हरकत नाही, असं जाहीर केलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एकोणतीस वर्षांची कमाई.

पुढचं संकट आकाशातून आलं. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातल्या नवापूरच्या शेड बर्ड फ्लूने रिकाम्या केल्या. बरोबर वर्षाने सफोकमधल्या होल्टनच्या टर्की फार्मवर तोच एच५एन१ विषाणू पोचला. २०२१ पासूनची लाट तर ब्रिटनने कधी पाहिली नव्हती एवढी मोठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडभर पक्षी आत कोंडण्याचा हुकूम निघाला आणि काही सुपरमार्केटांनी गिऱ्हाइकाला अंड्यांची किती खोकी द्यायची यावर मर्यादा घातली. मोकळं फिरणाऱ्या कोंबड्या सोळा आठवड्यांच्या वर आत राहिल्यामुळे त्यांच्या अंड्यांवरचा ‘फ्री-रेंज’ हा शब्दही गेला. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये परसातल्या एका कोंबडीचीही नोंदणी सक्तीची झाली आहे.

शेतकऱ्यांचं एकच विचारणं आहे : साल्मोनेलाची लस चालली, मग या रोगाची का नाही? फ्रान्सने २०२३ मध्ये बदकांना लस टोचायला सुरुवात केली. ब्रिटनने मात्र सरसकट परवानगी दिलेली नाही, कारण लस टोचलेल्या कळपात विषाणू लपून फिरण्याची आणि निर्यात अडण्याची भीती आहे. भीती खोटी नाही, पण तिचा भुर्दंड आज ज्याची शेड रिकामी होते तोच भरतो.