मोटारीची मिश्रधातूची चाके : स्वच्छता आणि पुनरुज्जीवन

मोटारीच्या ज्या चाकांस आज सर्रास ‘अलॉय’ म्हटले जाते, त्यांचे नावच प्रथम तपासून पाहिले पाहिजे. अलॉय म्हणजे मिश्रधातू; आणि पोलाद हाही लोह व कार्बन यांचा मिश्रधातूच आहे. तेव्हा पोलादी पत्र्याचे चाक ‘अलॉय’ नव्हे आणि अॅल्युमिनियमचे मात्र ‘अलॉय’, हा भेद धातुशास्त्राने केलेला नसून रूढीने केला आहे. अर्थसंकोचाचे हे सरळ उदाहरण होय. ‘मॅग’ हे दुसरे नाव याहून मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड यांनी शर्यतीच्या मोटारींकरिता मॅग्नेशियमची चाके तयार केली. पुढे तशा घडणीची चाके अॅल्युमिनियमची होऊ लागली, तरी जुने नाव राहून गेले. वस्तुतः अॅल्युमिनियमचे ओतीव चाक त्याहून जुने आहे. १९२४ साली लियाँ येथील ग्रां प्री शर्यतीत उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ या मोटारीस तशी चाके होती. (व्याकरणातील धातूंशी ज्याचा नित्य संबंध, त्याने खाणीतल्या धातूविषयी लिहावे यात काहीसे औद्धत्य आहे खरे, परंतु या विषयातील पुष्कळशी हानी शब्दांच्या घोटाळ्यातून होते, आणि तेवढ्यापुरता हा विषय आमचाही आहे.)

आजच्या सर्वसाधारण ओतीव चाकात सुमारे ७ टक्के सिलिकॉन, अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम आणि बाकी बहुतांशी अॅल्युमिनियम असते. परंतु चाक धुणारा मनुष्य ज्यास हात लावतो ते बहुधा अॅल्युमिनियम नसतेच. रंगीत चाकावर रासायनिक संस्कार, अस्तराचा रंग, वरचा रंग आणि शेवटी पारदर्शक रोगण असे थर असतात. ज्यास व्यवहारात ‘डायमंड कट’ म्हणतात, त्या चाकाचा दर्शनी भाग हिऱ्याच्या हत्याराने लेथवर कातून उजळ केलेला असतो व त्यावर केवळ पारदर्शक रोगणाचा पातळ थर असतो. खरोखर उघडा, घासून चकचकीत केलेला धातू ही तिसरी जात. ती तुलनेने विरळा. चाक यांपैकी कोणत्या जातीचे, हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. सहज न दिसणाऱ्या जागी धातूचे पॉलिश पांढऱ्या फडक्याने किंचित चोळावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. न झाले तर मध्ये रोगण आहे.

हा प्रश्न आधी का विचारावा लागतो, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख यांनी घासण्याची आपली परंपरा जुनी आहे. तीत चिंचेचे आम्ल वरचे ऑक्साइड विरघळविते, राख त्यास खरवडते आणि खालचा धातू उजळतो. ‘घासणे’ आणि ‘उजळणे’ ही क्रियापदे या व्यवहारात कार्यकारणभावाने जोडली गेली आहेत. त्याच भाषेत या आम्लाचा दुसरा परिणामही नोंदलेला आहे : कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, म्हणजे आम्लाने धातू अन्नात उतरतो. रोगण दिलेल्या चाकावर हे सारे गणित उलटे होते. तेथील झिलई धातूची नसून रोगणाची आहे. ती घासल्याने उजळत नाही, ओरखडते आणि मंद होते. शिवाय अॅल्युमिनियमचे संरक्षक ऑक्साइड साधारणतः ४ ते ९ या पीएच-मर्यादेतच टिकते. तीव्र आम्ल ते विरघळविते, तसा तीव्र अल्कलीही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तर अॅल्युमिनियम स्वतःच विरघळून हायड्रोजन बाहेर पडतो. म्हणून ‘आम्ल नाही, सबब निर्धोक’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद फसवा समजावा.

मळाचे स्वरूपही नेहमीचे नसते. ब्रेक लागताना पॅड आणि बिडाची तबकडी एकमेकांवर झिजतात. त्यांतून लोहकण, रेझिन आणि कार्बन यांची तप्त धूळ उडते. पुढच्या ब्रेकवर भार अधिक, म्हणून पुढची चाके अधिक काळवंडतात. हे लोहकण रोगणात रुततात आणि तेथेच गंजतात. धुतल्यावरही राहणारे तपकिरी ठिपके ते हेच. जुन्या मराठीतील ‘कीट’ हा शब्द येथे ‘धूळ’ या शब्दापेक्षा अधिक नेमका आहे. त्यावर चालणारे द्रव्य थायोग्लायकोलेट या वर्गातील असते. ते लोहाशी संयोग पावून जांभळा रंग धरते, त्यास उग्र दर्प येतो, आणि त्याचे पीएच उदासीनाच्या जवळपास ठेवता येत असल्याने रोगणास ते सहसा बाधत नाही. चाक थंड झाल्यावरच, सावलीत, आधी भरपूर पाणी मारून ते लावावे व वाळू न देता धुऊन टाकावे. याउलट काही ‘झटपट’ द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल अथवा अमोनियम बायफ्लोराइड असते. चाकाची गोष्ट सोडा. हे द्रव्य कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि सौम्य द्रावणाची वेदना कित्येक तासांनंतरही सुरू होऊ शकते. बाटलीवरील घटकनाम न वाचता असले द्रावण धुलाईच्या पोऱ्याच्या उघड्या हाती देणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे.

रोगणास एकदा चीर पडली, की दुसरे संकट सुरू होते. फुटपाथच्या कडेस चाक घासले जाते, ओलावा आणि क्लोराइड आत शिरतात, आणि रोगणाखाली पांढुरके तंतू पसरत जातात. यास तंतुरूप क्षरण म्हणतात. तंतूच्या अग्रभागी ऑक्सिजन कमी व आम्लता अधिक असते, त्यामुळे तो पुढे सरकत राहतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ यास कारण होते. मुंबई, कोकण व गोवा येथे समुद्राची खारी हवा तेच काम करते. हे तंतू रोगणाच्या आत असल्याने बाहेरून कितीही पॉलिश केले तरी जात नाहीत. डायमंड कट चाक त्यासाठी पुन्हा लेथवर चढवावे लागते, आणि प्रत्येक कातणीत धातू कमी होतो. तेव्हा हा उपाय मोजक्या वेळाच करता येतो.

‘पुनरुज्जीवन’ या शब्दाविषयी मात्र आमची तक्रार आहे. त्यात रूप परत आणणे आणि बळ परत आणणे या दोन क्रिया एकाच नावाखाली विकल्या जातात. १९०६ साली आल्फ्रेड विल्म यांच्या ध्यानात आले, की अॅल्युमिनियमचा विशिष्ट मिश्रधातू तापवून पाण्यात विझविल्यानंतर नुसता ठेवून दिला तरी काळाने कठीण होतो. चाकाचे बळ या तत्त्वावरच उभे आहे. ओतीव चाक सुमारे ५४० अंश सेल्सियसला तापवून विझवितात आणि मग दीडशेच्या वर काही तास परिपक्व करतात. पावडर-कोटिंगचा रंग १८० ते २०० अंशांवर भाजला जातो. काही मिनिटांची ती भट्टी सामान्यतः चालते, पण तापमान हाताबाहेर गेले अथवा भाजणी लांबली, तर धातू अतिपक्व होऊन मऊ पडतो. खड्ड्यात वाकलेली कड गॅसच्या ज्योतीवर लाल-निळ्या अंदाजाने तापवून ठोकणे हे त्याहून वाईट. अॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी लोखंडासारखे लाल दिसत नाही. लोहारकामातील डोळ्याचा अनुभव येथे निरुपयोगी ठरतो. वेल्डिंगच्या सांध्याभोवतीच्या पट्ट्यात तर पूर्वसंस्कार नष्टच होतो. अशा चाकावर नवा रंग चढला, की भेग दिसेनाशी होते. म्हणून क्रम उलटा हवा : प्रथम जुना रंग उतरवून, भेदक रंगद्रव्याने भेगा शोधून, चाक फिरवून त्याचा डोल मोजावा आणि मगच रंगाचा विचार करावा. आऱ्यांत किंवा मध्यभागी, ज्यास बैलगाडीच्या चाकात आपण तुंबा म्हणतो त्या जागी, भेग आढळल्यास ते चाक भंगारातच द्यावे.

चाक परत बसविताना पोलादी हब आणि अॅल्युमिनियम यांच्या संपर्कपृष्ठावरील गंज काढून टाकावा. दोन विजातीय धातू ओलाव्यात एकत्र आले, की अॅल्युमिनियम झिजते आणि चाक हबला घट्ट धरून बसते. संपर्कपृष्ठावर वा बोल्टच्या बैठकीवर नव्या रंगाचा थर जाड राहिला, तर तो पुढे दबतो आणि आवळलेले नट सैल पडतात. यास्तव ते टॉर्क-पान्याने, निर्मात्याने दिलेल्या मापानेच आवळावेत आणि गाडी काही अंतर चालल्यावर पुन्हा तपासावेत.