नेमबाजीची बाराखडी : तीन कागदांचं अंतर

ट्रिगरच्या वजनावर आज लिहायचं ठरलं होतं, पण तो विषय एक आठवडा थांबेल. गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. ते लिहितात, ‘अमेरिकेत लष्कराने निकालात काढलेल्या जुन्या रायफली स्वस्तात मिळतात. लोक त्यांवर नेम शिकतात, शिकारही करतात. आपल्याकडे इतक्या थ्री-नॉट-थ्री निवृत्त झाल्या, त्यातली एखादी मला घेता येईल का?’

नाही घेता येणार. .303, 7.62 मिमी, 9 मिमी ही लष्करी मापं आपल्याकडे प्रतिबंधित आहेत, दुकानदारांच्या भाषेत ‘पीबी’. सामान्य परवान्यावर मिळतात त्या ‘एनपीबी’ बंदुका. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला, तेव्हा नोएडा-गाझियाबादच्या ठाण्यांतूनही ती गेली. पण त्यातली एकही तुमच्या-माझ्या घरी येणार नव्हती. आणि शिकारीचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपला. ग्रेटर नोएडाच्या शेतांत नीलगायी, म्हणजे विदर्भातले रोही, कळपाने दिसतात म्हणून कुणी बंदूक काढायची नसते.

पण ही बंदी आली कुठून, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजांना एकच धास्ती होती : फौजेची काडतुसं चोरीला गेली तर ती चालतील अशी हत्यारं लोकांकडे असू नयेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात .450 बोअरवरही बंदी घातली. त्यामुळे लंडनच्या बंदूककारांना वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी .470, .465 अशी नवी मापं काढावी लागली. .303 तर प्रत्यक्ष फौजेचंच माप. मग बीएसए कंपनीने .303 च्या ली पद्धतीच्याच बोल्टवर एक शिकारी रायफल बांधली आणि तिला काडतूस दिलं 8 मिमीचं. तीच .315. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलचं, म्हणजे तिकडच्या पायदळाचं! इथल्या फौजेकडे ते नव्हतं, म्हणून इथे ते चाललं.

.303 म्हणजे 7.7 मिमी, .315 म्हणजे 8 मिमी. फरक 0.3 मिलिमीटरचा. वहीचे तीन कागद एकावर एक ठेवा, तेवढाच. स्वातंत्र्यानंतरही हे अंतर तसंच राहिलं. बंगालमधल्या ज्या इशापूर कारखान्याने लष्करासाठी .303 घडवली, त्यानेच नागरिकांसाठी .315 घडवली. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरं असतात.

म्हणून पत्रलेखकांना माझं सांगणं असं, की लष्करी रायफलची गोडी हवी असेल तर .315 हीच तिची सख्खी बहीण. शाळेत असताना एनसीसीच्या शिबिरात कवायतीची थ्री-नॉट-थ्री पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा चार किलोचं ते वजन खांद्याला टोचलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका स्नेह्यांच्या वडिलोपार्जित .315 चा बोल्ट मागे ओढला आणि हाताने ती लगेच ओळखली. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचाला स्प्रिंग विरोध करते, तोच तो विरोध. नळीतून मात्र उजेड दिसेना. जुन्या काडतुसाच्या टिकलीतला क्षार नळीत उतरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. नुसत्या तेलाने तो निघत नाही. गोळीबार झाला की आधी नळीतून उकळतं पाणी सोडायचं, मग फुलथ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, चिंदी बांधून कोरडी करायची, तेल शेवटी. हा क्रम चुकल्यामुळे कितीतरी चांगल्या रायफली वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. अशी वारशाची रायफल घ्यायची तर आधी नावावर परवाना, मग बंदूककाराकडून बोल्ट आणि नळीची तपासणी. त्याआधी एकही गोळी झाडू नका.

तरीही नेम शिकायला ती घ्या, असं मी म्हणणार नाही. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, आणि मोठ्या रायफलींना लागणारी लांब रेंज दिल्लीत सहज सापडत नाही. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत फुलबोअरच्या, म्हणजे मोठ्या मापाच्या रायफलींच्या, लढती गुडगावजवळ कादरपूरला, सीआरपीएफच्या आवारात घ्याव्या लागल्या होत्या. तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर रायफल-पिस्तुलाचे नेमबाज दिसतील ते 10, 25 आणि 50 मीटरचे.

स्वस्तात सुरुवात हवी तर .177 ची एअर रायफल. 20 ज्यूलपर्यंतच्या ताकदीला परवाना लागत नाही, पेलेट किरकोळ पैशांत मिळतात आणि दिवसाला शंभर झाडता येतात. नेम त्या शंभरांत बसतो. पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे .22 वर खेळतो. लष्करी काडतुसाच्या मानाने ते इवलंसंच. आणि पुढे जिद्द वाढली तर मावळंकर नेमबाजी स्पर्धा आहेच. ते नाव लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्षही तेच. त्यांच्यावर एक अख्खा लेख लिहायचाय. पण आधी ट्रिगर. पुढच्या आठवड्यात नक्की.