शेवळं, पोपटी आणि पळस्प्याची मिसळ

पनवेलला राहून रोज रात्री फ्राइड राइस मागवताय? मग बॉस, तुम्ही नक्की काय मिस करताय, ते एकदा वाचाच!

शुक्रवारची संध्याकाळ. सीएसएमटीहून निघालेली पनवेल लोकल खारघर सोडते, तेव्हा कुठे नीट टेकायला जागा मिळते. मानसरोवर, खांदेश्वर... आणि डब्यातल्या निम्म्या पब्लिकचा अंगठा मोबाइलवर फिरायला लागतो. प्रश्न एकच, ‘आज काय मागवायचं?’

चार वर्षं मीही याच गर्दीत होते. मास कॉमची डिग्री घेतली, फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि नवीन पनवेलात मैत्रिणीबरोबर वन बीएचके भाड्याने घेतला. फ्रीलान्सरचं पेमेंट कधी वेळेवर येत नाही, पण फ्राइड राइस मात्र अर्ध्या तासात दारात! गॅस पेटायचा तो फक्त चहा आणि नूडल्ससाठी. गंमत म्हणजे रेल्वेलाइनच्या पलीकडे, जुन्या पनवेलात, आमचं स्वतःचं घर. तिथे आजी, आई, बाबा आणि चारी ठाव स्वयंपाक. पण ‘स्पेस’ हवी ना आपल्याला!

मग आजी पडली.

आणि शेवळं आली

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पावसाला भलतीच घाई होती. २६ मे रोजीच मॉन्सून मुंबईत दाखल झाला. त्याच आठवड्यात आजी बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी बॅग भरून महिनाभरासाठी घरी आले. आईची शाळा सुरू होणार होती, त्यामुळे दिवसभर आजीजवळ मी आणि माझा लॅपटॉप.

आजी एकदम गप्प झाली होती. टीव्ही नको, पेपर नको, कुणाशी बोलणं नको. एका सकाळी खिडकीबाहेर पाऊस बघता बघता म्हणाली, ‘‘बाजारात शेवळं आली असतील.’’

ऑपरेशननंतरचं तिचं हे पहिलं धड वाक्य. म्हटलं, चला, हे आपण करू शकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवळं ही सुरणाच्या कुळातली रानभाजी. पहिल्या पावसात जमिनीतून तिचे तपकिरी-जांभळट कोंब वर येतात. जेमतेम काही आठवडे मिळतात, मग थेट पुढच्या वर्षी. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत तर शेवळं म्हणजे सणच. कुणी सोडे घालून करतं, कुणी कोलंबी, कुणी खिमा. आमच्याकडे सोडे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेले सोडे आणि सुकट अशा वेळी बाहेर निघतात.

बाजारात गेले. आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. कुणाकडे टाकळा, कुणाकडे फोडशी, कुणाकडे भारंगी. मला त्यातलं फक्त अळू ओळखता आलं! एका मावशींकडून शेवळांच्या दोन जुड्या घेतल्या. त्यांनी बरोबर लहान हिरव्या फळांचा वाटा पुढे केला. ‘‘काकडं ने गो बाय.’’ मला वाटलं, या मला आणखी काहीतरी विकतायत. स्मार्टपणे ‘नको’ म्हटलं.

घरी आले, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, तोही पुढे ढकलत ढकलत, आणि झोकात भाजी केली. रंग सुरेख, वास त्याहून सुरेख. बाबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि ताटावरून उठून पाण्याच्या तांब्याकडे धावले. पाठोपाठ आई. मग मी. घशात जणू कुणी बारीक सुया टोचत होतं!

तसं ते खरंच सुयांसारखंच असतं. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. काकडं, म्हणजे त्या मावशींची आंबट फळं, ही त्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची तोड. मावशी मला काही गळ्यात मारत नव्हत्या. माझा गळा वाचवत होत्या!

आतल्या खोलीतून आजीने विचारलं, ‘‘काकडं घातलीस ना?’’ मी म्हटलं, ‘‘काकडं म्हणजे काय?’’ आणि आजी हसली. टाके दुखेपर्यंत हसली. त्या रात्री जेवण बाहेरूनच आलं, हे सांगायला नकोच.

लिहून काय होणार?

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि थोडी भीतीच वाटली. आईने आयुष्यात कधी शेवळं केलेली नाहीत. तिला लागलंच नाही करायला, आजी होती ना! आई कॉलेज, नोकरी, आम्ही पोरं यांत अडकलेली. ती भाजी निवडून द्यायची, फोडणीला आजी. म्हणजे आमच्या घरात शेवळं करता येणारी एकच व्यक्ती, आणि ती वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पलंगावर पडून.

पुढच्या रविवारी पुन्हा बाजार. त्याच मावशी. या वेळी शेवळं आणि काकडं दोन्ही. झाला प्रकार सांगितला तर त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘‘तरी तुला सांगत व्हते!’’

आजीच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. मी वही-पेन घेऊन तयार. आजीने वही बाजूला सारली. ‘‘लिहून काय होणार? हाताला कळलं पाहिजे. आधी तेल लाव हातांना.’’ मग एकेक शेवळ हातात घेऊन दाखवलं. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग खरवडून टाकायचा, त्यानेच जास्त खाजतं. बाकीचं बारीक चिरायचं. मी चिरलेलं ती चिमटीत घेऊन बघायची. ‘‘जाड आहे. परत.’’ तीन वेळा ‘परत’ झालं. आजवर कुठल्या एडिटरने माझी कॉपी एवढ्या वेळा परत पाठवलेली नाही!

भाजी झाली. बाबांनी घाबरत घाबरत पहिला घास घेतला. मग काही न बोलता दुसरी भाकरी मागितली.

हॉटेल हवंच!

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आम्हाला हॉटेल सोडायला सांगणार. अजिबात नाही! आजीच सांगू देणार नाही.

सप्टेंबरात डॉक्टरांनी वॉकर घेऊन बाहेर पडायला परवानगी दिली. बाबांनी विचारलं, ‘‘कुठे जायचं? देवळात?’’ आजी म्हणाली, ‘‘पळस्प्याला.’’

पळस्पे फाटा म्हणजे मुंबईहून येणारा रस्ता जिथे पुण्याला आणि गोव्याला फुटतो, ती जागा. तिथलं ‘दत्त स्नॅक्स’ कोकणात जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मिसळ, बटाटेवडा, कोथिंबीर वडी. गणपतीला गावी निघालेल्या गाड्यांचा हा पहिला हॉल्ट. थोडं पुढे गोवा हायवेवर ‘क्षणभर विश्रांती’ आहे, पण आमच्या घराची मतं पळस्प्याच्या मिसळीला. बाबा लहान असल्यापासून आजी-आजोबा कोकणात जाताना पळस्प्याला थांबायचे. आजोबा गेले, गाड्या बदलल्या, रस्त्यावर फ्लायओव्हर आले. थांबणं तेवढं राहिलं.

आजीने अर्धीच मिसळ खाल्ली. तर्री बघितली, मान डोलावली आणि कोथिंबीर वडीचं पार्सल घ्यायला लावलं. ‘‘हे मला घरी कधी असं जमलं नाही,’’ ती हळूच म्हणाली. शेवळांच्या बाबतीत कुणाला उभं न करणारी माझी आजी!

आवडतं हॉटेल का आवडतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिथे जून असो की जानेवारी, चव तीच लागते. ती बदलली तर आपण भांडायला उठतो. घरच्या जेवणाचं नेमकं उलट. घरात बाराही महिने बटाटा आणि पनीरच शिजत असेल, तर मग हॉटेलने काय वाईट केलंय? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी आगरी खानावळ आहे. तांदळाची भाकरी, झणझणीत मटण आणि बसायला चार टेबलं. महिन्यातून दोनदा तरी तिथे जातेच. पण रोज रात्रीचा तो फ्राइड राइस? ना घरचा, ना आवडीचा. नुसता सवयीचा. तो सुटला, आणि महिन्याचा हिशेब बघून मी स्वतःच चाट पडले.

एक वाल, दोन ऋतू

थंडीत पोपटी आली. रायगडकरांना वेगळं सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. ‘चर्र’ वाजलं की समजायचं! ऑफिसवाल्या मैत्रिणींना घेऊन नेऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतावर आम्ही पोपटी लावली. बार्बेक्यू नेशनच्या गप्पा मारणाऱ्या पोरी शेवटी पाला बाजूला सारून शेंगा शोधत होत्या.

तिथेच कळलं की, भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर हे वाल पेरतात. शेंगा ओल्या असताना पोपटी. वाळल्या की डाळिंब्यांची सोय, म्हणजे पावसाळ्यात मोड आणून, सोलून बिरडं. एकाच पिकावर आमची थंडी आणि आमचा श्रावण, दोन्ही निघतात. पण त्यासाठी आधी भाताचं शेत असायला हवं ना!

पनवेलमध्ये १८५२ पासून नगरपालिका होती, २०१६ मध्ये महापालिका झाली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर विमानंही उडू लागली. मला त्याचं वाईट वाटत नाही. कामं इथे येतील, तशी मलाही मिळतील. पण बाजारातल्या मावशी मागे म्हणाल्या, ‘‘आमच्या रानाला कुंपान पडलं. आता शेवलांना लांब जावं लागतं.’’ त्यांच्या टोपलीतली भाजी बाजारसमितीच्या ट्रकमधून येत नाही. ती रानात येते, आणि रानातली जागा त्यांना माहीत असते. आजीच्या हाताला जे कळतं, तेच मावशींच्या पायांना कळतं. दोन्हीकडे शिकणारं कुणी असेल, तर पुढचं.

मग आपण काय करायचं? फार काही नाही. आठवड्यातून एकदा मॉलऐवजी बाजारात जायचं. जी भाजी ओळखता येत नाही तीच घ्यायची आणि ‘कशी करायची?’ म्हणून विकणाऱ्या मावशींनाच विचारायचं. त्या सांगतात, अगदी हौसेने सांगतात. आणि हो, बरोबर आणखी काही ‘घे’ म्हणाल्या, तर मुकाट्याने घ्यायचं!

मी आता पुन्हा माझ्या वन बीएचकेत राहते. पण शनिवार-रविवार रेल्वेलाइनच्या अलीकडे नाही, पलीकडे. आजी काठी टेकत ओट्यापर्यंत येते. सोडे भरून ठेवलेत. या वर्षी भाजी मी एकटीने करायची, ती फक्त खुर्चीत बसून बघणार, असं ठरलंय. आईनेही विळी घेऊन शेजारी बसायचं कबूल केलंय.

चिमटीत घेऊन ‘परत’ म्हणायचा हक्क मात्र आजीकडेच.

ट्राय करून बघा : आजीची शेवळं

दोन जुड्या शेवळांना दहा-बारा काकडं. हातांना तेल लावून शेवळं साफ करा, पिवळा भाग पूर्ण काढा, बारीक चिरा. काकडं ठेचून, पाण्यात कोळून, गाळून घ्या. सोडे धुऊन भिजत ठेवा. तेलावर कांदा परता, मग शेवळं घालून चांगली मऊ होईपर्यंत परता. सोडे, हळद, घरचा मसाला आणि काकडांचं पाणी घालून झाकण ठेवा. शेवटी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मीठ. भाजी पूर्ण शिजेपर्यंत चव घेऊन बघायची घाई करू नका. अनुभवाचे बोल आहेत!