पाण्याचा पृष्ठताण आणि डासाची अळी

बंगळूरच्या यशवंतपूर विभागाला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. 1933 साली चंद्रशेखर वेंकट रामन या संस्थेचे संचालक झाले. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनामुळे ते जगप्रसिद्ध झाले. परंतु त्यांच्या अगदी आरंभीच्या निबंधांपैकी एक, 1907 साली प्रसिद्ध झालेला, द्रवाचा पृष्ठताण मोजण्याच्या रीतीविषयी होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. या विषयाचा परिचय यशवंतपूरच्या काय किंवा कोणत्याही गावच्या काय, शाळेतील वर्गात एका सुईने होऊ शकतो.

एका पसरट, स्वच्छ भांड्यात पाणी घ्यावे. टीपकागदाच्या तुकड्यावर बारीक कोरडी सुई ठेवून तो तुकडा अलगद पाण्यावर सोडावा. कागद भिजून तळाशी जातो. न गेल्यास काडीने त्याच्या कडा हळूच खाली दाबाव्यात. सुई मात्र वरच राहते. डोळा पाण्याच्या पातळीशी आणून पाहिल्यास सुईखाली पाण्याला खळगा पडलेला दिसतो. हे लाकडासारखे तरंगणे नव्हे. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असते. सुईचे टोक बोटाने बुडवले, की ती तळ गाठते आणि पुन्हा वर येत नाही.

पाण्याचे रेणू एकमेकांस आकर्षितात. आतील रेणूवर हे आकर्षण सर्व बाजूंनी सारखे असते. पृष्ठभागावरील रेणूला वरच्या बाजूस पाण्याचे सोबतीच नसतात. त्यामुळे पृष्ठभाग आकसून शक्य तितका लहान होऊ पाहतो व ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो. (पडदा ही अर्थात उपमाच होय, तेथे पाण्याखेरीज दुसरे काही नाही.) साधारण तपमानात हा ताण दर सेंटिमीटरला सुमारे 72 डाइन असतो. चार सेंटिमीटर लांबीच्या सुईला तो दोन्ही बाजूंनी मिळून जास्तीत जास्त अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक वजन पेलू शकतो. बारीक सुई याहून पुष्कळ हलकी असते.

आता सुईपासून थोड्या अंतरावर, तिच्या एका अंगास, साबणाचा थेंब सोडावा. सुई झटकन दूर पळते. साबणाने तिला ढकलले असे विद्यार्थी हटकून सांगतात, पण घडते ते निराळेच. साबणाच्या बाजूचा ताण घटतो आणि पलीकडचे शुद्ध पाणी तिला आपल्याकडे ओढून घेते. साबण सर्वत्र पसरला व पाणी सुईला भिजवू लागले, म्हणजे ती बुडते.

या नाजूक आधारावर एक प्राणी जगतो. हौदातील डासाची अळी पाण्याहून किंचित जड असते. काही जातींच्या अळ्या श्वासनळीचे न भिजणारे टोक पृष्ठभागास टेकवून उलट्या लोंबकळतात. हिवतापाच्या डासाची अळी पृष्ठभागालगत आडवी पडून श्वास घेते. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला, तर ताण घटून हा आधार सुटतो, श्वासमार्गात तेल शिरते, आणि अळी गुदमरते.

बंगळूरच्याच छावणीत 1883 साली रोनाल्ड रॉस या तरुण लष्करी डॉक्टरास आपल्या खिडकीबाहेरील पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना आढळल्या. त्याने पिंप उपडे केले आणि खोलीतील डास नाहीसे झाले. भोजनगृहातील भांडीही अशीच रिकामी करावीत, ही त्याची सूचना मात्र तेथील अधिकाऱ्याने धुडकावली. त्याच्या मते तो निसर्गक्रमात ढवळाढवळ करण्याचा प्रकार होता! हिवतापाचा डासांशी असलेला संबंध तेव्हा कोणासच ठाऊक नव्हता. तो रॉसनेच 1897 साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहून उजेडात आणला.

पिण्याच्या पाण्यावर तेल ओतता येत नाही. तळ्यातील माशांनाही ते बाधते. तेथे रॉसच्या पिंपाचाच मार्ग उरतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण एक ते दीड आठवडा लागतो. म्हणून घरातील साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी लागतात.