खाणीच्या अंधारात यंत्रमानव

आपल्या संघाचे कितीएक सभासद लोखंड-पोलादाच्या व तांब्या-पितळेच्या व्यापारात पिढ्यान् पिढ्या आहेत. मालाचा भाव, वाहणावळ, वजनातील घट यांची चर्चा आम्ही पेढीवर बसून नित्य करतो. परंतु ज्या भुयारातून हा माल प्रथम उजेडात येतो तेथे काय घडते, हा विचार आमच्या मनास क्वचितच शिवतो. अलीकडे भूगर्भातील खाणींत माणसाच्या ऐवजी दुरून चालविता येणारी यंत्रे उतरविण्याचा उपक्रम बराच पुढे गेला आहे. त्याविषयी सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस काही सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम रोजच्या कामातील यंत्रे पाहू. धातूच्या खाणीत सुरुंगाने खडक फोडला म्हणजे मोठी पोकळी तयार होते आणि तिच्या छपरास कसलाही आधार नसतो. तेथील खनिज उचलण्यास माणसाने आत जाणे म्हणजे कोणत्या क्षणी डोक्यावर दगड येईल याचा नेम नाही. म्हणून पुढे मोठे फावडे जोडलेली एक बुटकी गाडी एकटीच आत जाते आणि तिचा चालक दूर राहून, कित्येक ठिकाणी तर स्वतंत्र खोलीत पडद्यासमोर बसून, तिला हाकतो. स्वीडन देशात किरुना येथील लोखंडाच्या खाणीत १,३६५ मीटरच्या पातळीवर खनिजाने भरलेल्या आगगाड्या चालकावाचून धावतात. पूर्वीच्या पिढीला ही गोष्ट भाकडकथाच वाटली असती.

तथापि माणूस यंत्रावरून खाली उतरला म्हणजे तो सुरक्षित झालाच, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील कोळशाच्या खाणींत कोळसा कापणारे अवजड यंत्र चालक हातातील पेटीने चालवू लागला, आणि यंत्रावर बसण्याऐवजी त्याच्या शेजारी उभा राहू लागला. परिणाम असा झाला की अरुंद भुयारात यंत्र वळताना ते यंत्र व भिंत यांच्यामध्ये सापडून माणसे चिरडली गेली. अखेर २०१५ साली तेथील शासनास नियम करावा लागला की, माणूस जवळ येताच यंत्र आपोआप थांबेल अशी योजना त्यात असलीच पाहिजे. धोका नाहीसा झाला नव्हता. त्याने केवळ जागा बदलली होती.

रोजच्या कामात यंत्रे अशी बरीच रुळली असली, तरी खाणीत अपघात होऊन माणसे आत अडकतात तेव्हा त्यांची खरी कसोटी लागते. न्यूझीलंडमधील पाइक रिव्हर खाणीची हकीकत या दृष्टीने आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ही कोळशाची खाण त्या देशाच्या दक्षिण बेटावर, ग्रेमाउथ नगराजवळच्या डोंगरात होती. पोलादाच्या भट्टीस लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा तेथे निघे, आणि २०१० च्या फेब्रुवारीत त्याची पहिली निर्यात झाली ती आपल्या देशाकडेच. कंपनीचे काही भागही भारतीय कंपन्यांकडे होते. तेव्हा ही केवळ सातासमुद्रापलीकडची वार्ता नव्हे.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबर रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास खाणीत स्फोट झाला. दोघे जण कसेबसे चालत बाहेर आले. एकोणतीस आत राहिले. बचाव करणारे तरबेज लोक तोंडाशी सज्ज होते, आप्तेष्ट गावात वाट पाहत होते. परंतु आतील वायूची खात्रीलायक मोजणी हाती नव्हती. हवेत मिथेनचे प्रमाण शंभरात सुमारे पाच ते पंधरा भाग असले म्हणजे ठिणगीसरशी भडका उडतो. अशा स्थितीत आणखी माणसे आत धाडावीत काय? अधिकाऱ्यांनी नकार दिला, आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. ज्याचा मुलगा आत आहे त्या बापास वायूचे कोष्टक कोणत्या तोंडाने समजावून सांगावे!

या पेचातून वाट काढण्याकरिता यंत्रमानव आणविण्यात आला. तो लष्कराचा, बॉम्ब निकामी करण्यासाठी घडविलेला होता. २३ नोव्हेंबरला तो आत गेला. खाणीचा मुख्य बोगदाच सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा. हे यंत्र साधारण साडेपाचशे मीटर गेले, अंगात पाणी शिरले आणि तेथेच बंद पडले. मग दुसरे आणले. ऑस्ट्रेलियातील एका पाणीपुरवठा संस्थेचेही मागविले. वाटेत एका यंत्राच्या कॅमेऱ्यास खाणकामगाराचे शिरस्त्राण दिसले. त्यावरील दिवा अद्याप जळत होता. बाहेरच्यांची आशा क्षणभर पालवली असेल. पण ते शिरस्त्राण वाचून बाहेर आलेल्या दोघांपैकी एकाचे निघाले. २४ तारखेस दुपारी २ वाजून ३७ मिनिटांनी दुसरा प्रचंड स्फोट झाला. बचावाचे लोक त्या वेळी आत असते तर मृतांची यादी आणखी लांबली असती.

यंत्रास दोष देण्यापूर्वी त्याच्यापुढील अडचणी ध्यानात घेतल्या पाहिजेत. खडकातून बिनतारी संदेश फार दूर जात नाहीत. म्हणून मागे तार ओढत न्यावी लागते, आणि ती ढिगाऱ्यात अडकते. खाली चिखल, वरून ठिबकणारे पाणी, वाटेत वाकलेले लोखंड. शिवाय वायूने भरलेल्या खाणीत यंत्राच्या मोटारीची ठिणगीच घात करील, म्हणून ती जाड आवरणात बंद करावी लागते. त्याने वजन वाढते आणि जड यंत्र चिखलात रुतते. असे यंत्र आधी घडवून, त्याच खाणीत वारंवार चालवून पाहिलेले असेल तरच ऐन वेळी उपयोगी. उसने आणलेले कितीसे चालणार?

असा प्रसंग आपल्याकडेही येऊन गेला आहे. २०२५ च्या २२ फेब्रुवारीस तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्याचे छप्पर कोसळून आठ कामगार आत गाडले गेले. ती खाण नव्हती, परंतु चिखल, पाणी व मोडलेले लोखंड तेच. हैदराबादहून दूरनियंत्रित यंत्रे नेण्यात आली; मात्र त्यापूर्वीच, ९ मार्चला, पहिला मृतदेह हाती लागला होता, आणि त्याची जागा दाखविली ती केरळ पोलिसांच्या कुत्र्यांनी.

पाइक रिव्हरची चौकशी शाही आयोगाने केली व २०१२ साली अहवाल दिला. स्फोटापूर्वीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणापर्यंत पोहोचल्याच्या एकवीस नोंदी आयोगास आढळल्या. हवा खेळविणारा मुख्य पंखा जमिनीवर न ठेवता भुयारातच बसविला होता. कोळसा लवकर काढण्याच्या घाईत सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाले, असा आयोगाच्या निष्कर्षाचा आशय आहे. त्या एकवीस नोंदी कोणत्याही यंत्रमानवाने नव्हे, साध्या मापकांनी व माणसांनीच दिल्या होत्या. आम्हां व्यापाऱ्यांस वहीतील नोंदीचे मोल सांगावयास नको. उधारी थकल्याची एकवीस टिपणे डोळ्यांसमोर असता माल देत राहणारा दुकानदार आमच्या पाहण्यात नाही.

पुढे २०१९ च्या मे महिन्यात माणसे पुन्हा त्या बोगद्यात शिरली आणि २०२१ च्या प्रारंभी कोसळलेल्या छपरापर्यंत पोहोचली. त्यापलीकडे जाता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात डोंगराच्या पाठीवरून पाडलेल्या भोकातून कॅमेरा खाली सोडण्यात आला, आणि खाणीच्या दूरच्या भागात किमान दोघांचे अवशेष अकरा वर्षांनी प्रथम दृष्टीस पडले.