तीस कोटी स्ट्रीम की पंचवीस हजार माणसं?

2023 च्या अखेरीस जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर 18 कोटी 40 लाख गाणी होती. ही मोजदाद ल्युमिनेट या कंपनीची. एक गाणं तीन मिनिटांचं धरून, झोप-जेवण सोडून ती ओळीनं ऐकायची म्हटलं तर 1,050 वर्षं लागतील. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्याही तीनशे वर्षं आधी ऐकायला बसलेला माणूस 2023 मध्ये उठला असता. त्यात रोज सुमारे एक लाख नव्या गाण्यांची भर पडते. एका दिवसाची भर ऐकायलाच जवळजवळ सात महिने हवेत.

यातली 4 कोटी 56 लाख गाणी त्या वर्षात एकदाही वाजली नाहीत. हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजलेली, शंभरातली 86. स्पॉटिफायवर तर 2024 पासून, बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत.

ज्याला नोकरी सोडून गाण्यावरच जगायचं आहे, त्यानं पुढचं गणित करून पाहावं. स्ट्रीमला ठरलेला दर नसतो. जमलेल्या पैशांतून वाटा मिळतो. अमेरिकेत तो ढोबळमानानं 0.4 सेंट धरतात. तिथल्या केंद्रीय किमान वेतनाइतके, म्हणजे वर्षाला 15,080 डॉलर मिळवायचे तर 37 लाख 70 हजार स्ट्रीम हवेत. वर्षभर, रोज दहा हजारांवर. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, त्यामुळे वाटा आणखी कमी.

तरीही हे आकडे पाहून कुणी गिटार खाली ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण अमेरिकन गायिका अमांडा पामर.

बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये ती नवरीच्या वेषात, चेहरा पांढरा रंगवून पुतळ्यासारखी उभी राहायची आणि पैसे टाकणाऱ्याच्या हाती फूल द्यायची. पुढे 'द ड्रेस्डेन डॉल्स' हा बँड झाला, मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. त्यांच्या एका अल्बमच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे 25,000 प्रती खपल्या. कंपनीनं त्याला अपयश ठरवलं. पामर करारातून बाहेर पडली आणि 2012 मध्ये नव्या अल्बमसाठी तिनं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडेच पैसे मागितले. हवे होते एक लाख डॉलर. जमले 11,92,793. देणारे किती? 24,883!

कंपनीच्या लेखी अपयश ठरलेला आकडा जवळपास तोच. सरासरी माणशी 48 डॉलर. तेवढे पैसे स्ट्रीममधून यायला एका माणसाला 12,000 वेळा, म्हणजे अखंड 25 दिवस तिची गाणी ऐकावी लागली असती. सगळी रक्कम उभी करायला जवळजवळ 30 कोटी स्ट्रीम लागले असते. अर्थात ही निव्वळ कमाई नव्हती. ध्वनिमुद्रण, छपाई, टपाल यांतच बराच पैसा गेला.

ही माणसं तिला एका रात्रीत मिळाली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर थांबून सह्या करत, बोलत, ईमेलचे पत्ते जमवत तिनं ती अनेक वर्षं जोडली होती. माझ्या मते पूर्णवेळ गायकाचं खरं भांडवल हेच.

म्हणून नव्यानं उभं राहू पाहणाऱ्या एखाद्या गायक-गीतकाराचं गाणं आवडलं, तर नुसतं वाजवत राहू नका. त्याच्या पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा आणि निघताना त्याच्याकडे आपलं नाव नोंदवून या.